बढती पत्करावी की नाकारावी?

(मंडळाच्या कळसाडी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर बोलावयास सांगितले होते. या विषयावर आम्ही ३६ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून बोलत आलो आणि आपणही तो पुष्कळ ऐकला आहे. मुले शिकली, नोकरीस लागली, आणि आता नोकरीतले प्रश्न आपल्या घरांतून उभे राहू लागले आहेत. म्हणून चिटणीसांच्या परवानगीने विषय थोडा बदलून घेतो. नोकरीतील मुलाला बढतीचे पत्र यावे आणि त्या बढतीबरोबर कागदांमागचे शांत काम सुटून दिवसभर लोकांच्या समोर बसण्याचे काम पदरी पडावे, तर ती बढती घ्यावी किंवा घेऊ नये, असा हा विषय आहे. विषय लहान वाटेल. परंतु ज्या घरात असे पत्र येते त्या घरात आठ-दहा दिवस कोणाला जेवण गोड लागत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

गेल्या उन्हाळ्यात आपल्यातील एक तरुण आमच्याकडे आला. त्याचे नाव-गाव आम्ही सांगत नाही. कोणी ओळखलेच तर मनात ठेवावे. एका राष्ट्रीयीकृत बँकेत तो दहा वर्षांपासून कारकून होता. हल्ली कारकुनास निराळे भारदस्त नाव मिळाले आहे, परंतु आपणांस जुनाच शब्द लवकर कळेल. दहांपैकी सात वर्षे त्याने शाखेत न काढता कर्जप्रकरणे तपासणाऱ्या कचेरीत काढली. निरनिराळ्या शाखांकडून प्रकरणे येतात. सातबारा, आठ-अ, फेरफार, जामीनदाराचे कागद हे सारे जुळते की नाही ते पाहावयाचे आणि जेथे जुळत नसेल तेथे शेरा मारून प्रकरण परत पाठवावयाचे, हे त्याचे काम. कामात चोख. कर्जदार त्या कचेरीत कधी येत नाही. त्याची फक्त सही येते किंवा अंगठा येतो. असा हा मुलगा खात्याची परीक्षा उत्तीर्ण झाला, मुलाखतही पार पडली आणि अधिकाऱ्याच्या पदावर निवड झाल्याचे पत्र हाती आले. नेमणूक मात्र शाखेत. तेथे टेबलासमोर खुर्ची असते आणि ती खुर्ची दिवसभर रिकामी राहत नाही.

प्रथम त्याने जी कारणे सांगितली ती आपण सर्वांनी ऐकलेली आहेत. बदली लांब होईल. वडिलांच्याने आता केळीची बाग एकट्याने सांभाळणे होत नाही. पत्नी शिक्षिका आहे, तिची नोकरी येथे. मुलगी चौथीत. आम्ही ऐकून घेतले. चहा झाला. मग तो म्हणाला, "गुरुजी, खरे सांगू का? मला माणसांची भीती वाटते. कागद चुकला तर शेरा मारता येतो. माणूस समोर बसून रडू लागला, नाही तर ओरडू लागला, तर काय करायचे?" हा मुलगा आमच्या वर्गात होता. अक्षर मोत्यासारखे, गणित पक्के. पण फळ्यासमोर उभा केला की कानाच्या पाळ्या लाल होत. तेव्हा हे ऐकून आम्हांस नवल वाटले नाही. नवल इतकेच वाटले की चार दिवस घरात या पत्राची चर्चा चालली असता हे कारण त्याने कोणापाशीही बोलून दाखविले नव्हते. वडील म्हणत होते, पगार वाढतो, घे. सासरे म्हणत होते, साहेब होण्याची संधी दवडू नये. मंडळाच्या सत्कारयादीत नाव येईल, असेही कोणीतरी म्हणाले.

पगाराचा मुद्दा आधी संपवून टाकू, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. बँक कर्मचाऱ्यांचा बारावा वेतनकरार ८ मार्च २०२४ रोजी झाला व तो १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू धरला गेला. त्यानुसार कारकुनाचे मूळ वेतन २४,०५० रुपयांपासून ६४,४८० रुपयांपर्यंत जाते आणि पहिल्या श्रेणीच्या अधिकाऱ्याचे ४८,४८० पासून ८५,९२० पर्यंत. आरंभीचे आकडे पाहिले म्हणजे पगार दुप्पट झाला असे वाटते. परंतु दहा वर्षे नोकरी झालेला कारकून पहिल्या पायरीवर उभा नसतो. तो वर चढून आलेला असतो, त्यामुळे बढतीच्या दिवशी हातात पडणारी वाढ दुपटीच्या जवळपासही नसते. शिवाय कारकुनास कामाचे ठराविक तास आहेत, त्यावर काम झाल्यास जादा भत्ता आहे. अधिकाऱ्यास यांतले काही नाही, आणि बदली भारतात कोठेही. पुढे श्रेणीमागून श्रेणी चढत जावयाचे असेल तर लाभ मोठा आहे. पण पहिल्या दोन-तीन वर्षांच्या पैशाकडे पाहून जो बढती घेईल त्याची निराशा होईल, हे आम्ही त्याच्या वडिलांनाही स्पष्ट सांगितले. त्यांना ते फारसे रुचले नाही.

आता त्या खुर्चीविषयी. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १५ एप्रिल १९८० रोजी आणखी ६ बँकांचे. त्यापूर्वी बँक ही व्यापारी, पेढीवाले आणि मोठे बागायतदार यांची गोष्ट होती. आपल्या आजोबांच्या पिढीत किती जण बँकेची पायरी चढले होते हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारून पाहावे. पुढे उसाचे बिल खात्यावर जमा होऊ लागले, कापसाची पट्टी धनादेशाने मिळू लागली, १९९८ पासून किसान क्रेडिट कार्ड आले, आणि आपण बँकेला सरावलो. परंतु सातपुड्याच्या पलीकडल्या-अलीकडल्या पाड्यांवरील माणूस त्या दारापर्यंत पोहोचावयास आणखी पुष्कळ वर्षे लागली. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक आपल्याच जिल्ह्यातील टेंभली येथे पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या उपस्थितीत देण्यात आले, हे आपणांस ठाऊक आहे. त्या दिवशी रस्त्यावर केवढी गर्दी होती हे कित्येकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली आणि ज्यांनी कधी खातेपुस्तक पाहिले नव्हते त्यांची खाती उघडली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटा रद्द झाल्यावर तर सारा जिल्हाच बँकांच्या दारांत उभा राहिला.

म्हणजे खिडकीच्या अलीकडचा माणूस बदलला. पलीकडचा किती बदलला? २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती. तीत शेकडा ६९ आदिवासी. आणि साक्षरतेचे प्रमाण शेकडा ६४, सर्व महाराष्ट्रात सर्वांत कमी. पैसे काढण्याची चिठ्ठी म्हणजे काय आणि भरण्याची कोणती हे ज्याला वाचता येत नाही, त्याने कोणाला विचारावे? जन्मभर दगड-मातीत राबलेल्या हाताच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र तो ठसा मानीत नाही. खात्यात स्वतःचे पैसे असून ते मिळत नाहीत, आणि का मिळत नाहीत हे सांगणाऱ्याची भाषा कळत नाही. अशा वेळी टेबलापलीकडे कोण बसलेला आहे यावर त्या माणसाचा तो सारा दिवस आणि एस.टी.चे भाडे अवलंबून असते.

येथे आमच्या तरुणापाशी एक भांडवल होते आणि ते त्याच्या ध्यानात नव्हते. लहानपणी त्याच्या घरच्या सालदाराची मुले त्याचे सोबती. त्यामुळे भिली त्याला घरच्यासारखी येते आणि पावरीही बऱ्यापैकी समजते. आपल्यापैकी पुष्कळांना ती येते. बंधूंनो, थोडे कडू बोलतो, रागावू नये. आपण ती भाषा शिकलो ती बहुतेक शेतावर काम सांगण्यापुरती. "पाणी सोड", "बैल आण", "उद्या लवकर ये" एवढे तिचे आपल्या तोंडी व्याकरण. तीच भाषा टेबलामागे बसून, समोरच्याला आधी 'बसा' म्हणून, त्याचे काम समजून घेण्यासाठी बोलावयाची, हा तिचा निराळा उपयोग आहे आणि तो आपल्या मुलांना करता येण्याजोगा आहे.

त्याला आम्ही लगेच 'घे' असे सांगितले नाही. दोन दिवसांची रजा काढ, जेथे तुला कोणी ओळखत नाही अशा एखाद्या शाखेत जा आणि नुसता बाकावर बसून राहा, असे सांगितले. शिक्षकाच्या अभ्यासक्रमात पाठनिरीक्षण असते. स्वतः पाठ घेण्यापूर्वी दुसऱ्याचे पाठ मागच्या बाकावर बसून पाहावयाचे. तसेच हे. त्याने ते केले, आणि परत येऊन जे सांगितले ते आमच्या कायमचे स्मरणात राहील. तो म्हणाला, गुरुजी, बाजाराचा दिवस होता. एक अधिकारी संगणकावरून डोळे न काढता उत्तरे देत होते. उत्तर बरोबर असे, पण विचारणाऱ्याला ते पोहोचत नसे, म्हणून तोच माणूस तेच तीनदा विचारी आणि तिसऱ्या वेळी अधिकारी चिडत. दुसऱ्या एक बाई होत्या, त्या प्रत्येकाला ठेव ठेवताना विम्याचा कागद पुढे करीत होत्या. न करून त्यांना गत्यंतर नव्हते. आणि दाराजवळ स्टुलावर एक शिपाई होता, तो पावरा समाजातला. सगळी गर्दी त्याच्याभोवती. लोक दारातून थेट त्याच्याकडे जात, तो चिठ्ठी भरून देई, कोणत्या टेबलावर जायचे ते सांगे, कोणाचे पैसे आले नाहीत तर का आले नाहीत तेही सांगे. शाखा तो शिपाई चालवीत होता. "आणि गुरुजी," तो म्हणाला, "तो जे करीत होता ते मला येते."

मनुष्याला भीती वाटते ती पुष्कळदा कामाची नसून कामाच्या एखाद्या कल्पित चित्राची असते. याच्या मनात अधिकारी म्हणजे हजरजबाबी, खणखणीत आवाजाचा, सभा गाजविणारा माणूस असे चित्र होते. तसा तो कधीच होणार नाही. परंतु खुर्चीवर बसणाऱ्याला बोलण्यापेक्षा ऐकण्याचे काम अधिक असते आणि अबोल माणसाला ते चांगले साधते. वर्गातही आम्ही हेच पाहिले. मोठ्या आवाजाचे शिक्षक दोन महिन्यांत गावभर प्रसिद्ध होत. मंद मुलांना वाचावयास शिकविणारे बहुधा दुसरेच कोणी असत. आमच्या पेशात एक गंमत मात्र उलटी आहे. शिक्षकाची बढती झाली की तो मुलांपासून दूर जातो: मुख्याध्यापक होऊन तक्ते भरतो, केंद्रप्रमुख होऊन दहा शाळांचे तक्ते गोळा करतो. बँकेतल्या या मुलाला बढती मिळून तो माणसांच्या जवळ जाणार होता. आम्हांस त्याचा थोडा हेवाच वाटला.

तथापि या कामाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड या बाईंनी १९८३ साली एक ग्रंथ लिहिला. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. आमच्या पुतण्याने त्यातले मुख्य मुद्दे वाचून अर्थ सांगितला. विमानात प्रवाशांची सेवा करणाऱ्या मुलींना मनात काहीही असले तरी मुद्रा प्रसन्न ठेवावी लागते, आणि थकलेल्या बिलांची वसुली करणाऱ्यांना मनात दया असली तरी मुद्रा कठोर ठेवावी लागते. अंगमेहनतीप्रमाणेच हीही मेहनत आहे आणि तिचाही थकवा येतो, असे त्या बाई म्हणतात. आम्हांस ते तंतोतंत पटले. आपल्याकडील बँकेच्या अधिकाऱ्यास तर ही दोन्ही कामे एकाच दिवशी करावी लागतात. सकाळी ठेवीदारापुढे हसावयाचे आणि दुपारी थकबाकीदाराच्या ओट्यावर जाऊन तोंड कडू करावयाचे. त्यात पपई करप्याने गेलेली, भाव पडलेला, आणि समोरचा शेतकरी आपल्याच वडिलांसारखा दिसणारा. संध्याकाळी घरी आल्यावर असा माणूस दोन तास बोलला नाही तर घरच्यांनी ते मनावर घेऊ नये.

विमा विकण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. वरून आकडा येतो आणि तो पुरा करावा लागतो. ज्याला विमा कळलेला नाही त्याच्या गळ्यात तो ठेवीचा कागद म्हणून बांधणे, हे आमच्या मते चोरीच्या शेजारचे कृत्य आहे, मग सांगणारा वरिष्ठ कोणीही असो. आमचे मत आम्ही त्या मुलाला सांगितले: समजावून विकता येईल तेवढाच विकावा, आकडा कमी पडला तर बोलणी खावी. बोलणी खाण्याची तयारी नसेल तर बढती नाकारावी. बँकेविरुद्धच्या तक्रारींसाठी १९९५ पासून लोकपाल नेमलेला आहे आणि १२ नोव्हेंबर २०२१ पासून ती व्यवस्था एकत्रित व अधिक सोपी झाली आहे. पण ज्या म्हातारीला चिठ्ठी भरता येत नाही ती लोकपालाकडे कशी जाणार? तिचा लोकपाल समोरच्या खुर्चीतच बसलेला असावा लागतो.

आणखी एक गोष्ट आपल्याविषयी. मुलगा अधिकारी झाला की त्याला जवळची शाखा मिळावी म्हणून आपण खटपटी करतो. जवळची शाखा मिळाली म्हणजे काय होते? मामा येतात, मावसभाऊ येतात, सासरच्या गावचे सरपंच येतात. रांगेत कोणी उभे राहत नाही. "आपलाच पोरगा बसला आहे" म्हणून सरळ आत. कर्जाचे प्रकरण नियमात बसले नाही तर लग्नकार्यात अबोला. आपल्या माणसाने आपल्याला आधी बोलवावे आणि परक्याला उभे ठेवावे, अशी अपेक्षा आपण करतो तेव्हा त्याची नोकरी आपणच धोक्यात घालतो. मेळाव्यास आलेल्या सर्व कुटुंबांस आमची विनंती आहे की आपला मुलगा ज्या शाखेत बसला असेल तेथे शक्यतो आपले खाते ठेवू नये.

आता ज्यांनी बढती नाकारली त्यांच्याविषयी थोडे. आपल्यातीलच एका सुनेने दोन वर्षांपूर्वी अशीच बढती लेखी नाकारली. घरी सासरे पक्षाघाताने अंथरुणावर, मुले लहान, नवऱ्याची फिरतीची नोकरी. तिने नियम वाचले, नकार दिल्यावर किती काळ पुन्हा विचार होणार नाही हे विचारून घेतले आणि शांतपणे सही केली. ती आजही शाखेतल्या रोख खिडकीवर बसते. तेथेही जोखीम थोडी नाही, कारण संध्याकाळी हिशेबात पैसे कमी भरले तर ते भरून देण्याचे तिच्यावरच येते. त्या वेळी बायकांत काय बोलले गेले ते येथे सांगण्यासारखे नाही. हिच्यात दम नाही, असे म्हणणाऱ्यांपैकी एकीनेही त्या सासऱ्यांची कूस बदललेली नव्हती. तिचा निर्णय आणि या तरुणाचा निर्णय परस्परविरुद्ध आहेत आणि आम्हांस दोन्ही योग्य वाटतात. तिने आपले खरे कारण ओळखून नकार दिला. याने आपली खरी भीती ओळखली आणि ती बाकावर बसून तपासून पाहिली. चार लोक काय म्हणतील म्हणून घेतलेली बढती आणि चार लोकांस तोंड द्यावे लागेल म्हणून न तपासता नाकारलेली बढती, या दोहोंस मात्र आमचा विरोध आहे.

त्याने बढती घेतली. नेमणूक मिळाली ती पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, जेथे भिली कोणाला कळत नाही. बँकेच्या हिशेबी राज्यभाषा येते की नाही याला महत्त्व आहे. पाड्यावरची भाषा येते का, असे कोणी विचारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. पत्नी व मुलगी येथेच आहेत. वडिलांनी निम्मी बाग निमबटाईने दिली. सहा महिन्यांत त्याचे वजन उतरले. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, लोकांची भीती गेली, पण घरी फोनवर आपला आवाज चढतो हे बायकोने दाखवून दिले, ते खरे आहे. सुखाने आहेस का, असे आम्ही विचारले. त्यावर त्याने जरा विचार करून सांगितले, "एका म्हाताऱ्या ठेवीदाराचे अडकलेले निवृत्तिवेतन दोन दिवस बसून सोडविले. कचेरीत सात वर्षांत असे कधी वाटले नव्हते." त्याने आता अक्कलकुवा किंवा धडगावकडील शाखा मिळावी असा लेखी अर्ज दिला आहे. त्या बाजूस जावयास फार जण राजी नसतात, म्हणून अर्ज मान्य होईल अशी त्याला आशा आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.

कार्यकारी मंडळास दोन सूचना करतो. सत्कारयादीत 'पदोन्नतीबद्दल' असे जे सदर आहे ते राहू द्यावे, परंतु लग्न जमविताना वधूवर-सूचीत पुढे होणाऱ्या बढतीची जी जाहिरात केली जाते ती बंद करावी. त्यापायी मुलांना नकार देण्याची सोयच उरत नाही. दुसरे असे की बँक, टपाल, वीज मंडळ आणि एस.टी. यांतून निवृत्त झालेले आपले सात-आठ जण या मेळाव्यात हजर आहेत. ज्यांच्या घरी असे पत्र येईल त्यांनी उत्तर देण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकास भेटावे. प्रत्येक खात्याचे नियम निराळे असतात. काही ठिकाणी परिवीक्षेच्या मुदतीत जुन्या पदावर परतण्याची सोय असते असे ही मंडळी सांगतात, ती आपल्या पत्रकात आहे की नाही हे पाहून घ्यावे. आम्ही स्वतः रविवारी सकाळी घरीच असतो. येताना पत्राची प्रत आणावी आणि शक्य तर पत्नीस किंवा पतीस बरोबर आणावे. सासऱ्यांस मात्र आणू नये.